संग्रहालये मोजू नयेत, एक प्रश्न सोबत न्यावा : अंथुर्ण्याहून सात दिवसांची सहल

१/
इतिहासाची गोडी असलेल्या ग्रामीण तरुणांच्या मनात एक बेत वर्षानुवर्षे घोळत असतो : एक आठवडा काढायचा आणि पुण्या-मुंबईची मोठी संग्रहालये पाहून यायची. बेत चांगला आहे, परंतु तो सहसा ज्या रीतीने आखला जातो, ती रीत चुकीची आहे. त्या रीतीत काय चुकते आणि तेच सात दिवस अधिक सार्थकी कसे लावता येतील, याचा विचार या धाग्यात केला आहे. उदाहरणादाखल प्रस्थान इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे या गावाहून धरले आहे.

२/
नेहमीची रीत म्हणजे यादी. दोन शहरे, बारा-पंधरा संग्रहालये, दिवसाला तीन. तिसऱ्या दिवशी पाय दुखू लागतात, चौथ्या दिवशी सगळ्या तलवारी सारख्या दिसू लागतात आणि सातव्या दिवशी मोबाइलमध्ये हजार छायाचित्रे जमलेली असतात. महिन्याने त्यांतील एकही वस्तू कोठली होती, हे सांगता येत नाही. शहरात राहणाऱ्याला अशी चूक परवडते, कारण तो पुढल्या रविवारी पुन्हा जाऊ शकतो. अंथुर्ण्याच्या मुला-मुलींना एसटीचे भाडे, उतरण्याची सोय, शेतीच्या हंगामातील सवड आणि घरच्यांचा होकार एवढे सगळे एकदाच जुळून येते. मुलींच्या बाबतीत तर ते अधिकच अवघड असते. म्हणून आखणीला महत्त्व आहे.

३/
या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे : महानगरातील संग्रहालयात आपल्या गावाचा एक प्रश्न घेऊन जावे, आणि त्या प्रश्नाशी नाते सांगणाऱ्या वस्तूंपाशीच थांबावे. बाकीच्या वस्तूंना नमस्कार करून पुढे जावे. असा आग्रह धरण्यास भक्कम कारण आहे. महानगरातील संग्रहालयांत जे आहे, त्यातील फार मोठा भाग खेड्यांतून गेलेला आहे.

४/
दायमाबादचे उदाहरण घ्यावे. प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावात १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला खोदताना धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या : बैल जोडलेला आणि माणसाने हाकलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारताच्या ताम्रपाषाणयुगीन कलेवरचे कोणतेही गंभीर पुस्तक आज त्यांच्याविना पुरे होत नाही. त्या वस्तू महानगरांतील संग्रहालयांत आहेत, पण त्यांना उजेडात आणणारे हात शेतकऱ्याचे होते. खेड्यातून आलेला तरुण संग्रहालयाच्या दारात पाहुणा नसतो, हे त्याने प्रथम मनाशी पक्के करावे.

५/
प्रत्येक वस्तूखाली एक लहानशी पाटी असते. तीवर वस्तूचे नाव, काळ, माध्यम आणि प्राप्तिस्थान लिहिलेले असते. बहुतेक जण नाव वाचतात, काळ पाहून थक्क होतात आणि पुढे सरकतात. प्राप्तिस्थानाची ओळ बहुधा शेवटी, बारीक अक्षरात असते. गावाकडून आलेल्याने ती सर्वांत आधी वाचावी. वस्तू कोठून आली, कोणी आणली, तिच्याबरोबर त्याच जागी आणखी काय होते, हे कळल्याशिवाय ती नुसती सुंदर राहते. साक्षीदार म्हणून ती मुकीच असते.

६/
आता प्रश्न निवडायचा. अंथुर्ण्याचा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. बारामती-इंदापूरचा पट्टा पर्जन्यछायेत येतो. तरीही तेथे उसाचे हिरवे फड उभे आहेत, वालचंदनगर आणि भवानीनगरसारखी साखर कारखान्यांची गावे वसली आहेत. याचे कारण नीरा डावा कालवा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात हा कालवा वाहू लागला. तेव्हा सात दिवसांचा प्रश्न असा ठरतो : या कोरड्या मुलखात पाणी कोणी अडवले, ते कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले?

७/
वेळापत्रक. प्रस्थान रविवारी सायंकाळी ठेवावे, म्हणजे पहिला दिवस सोमवार येतो. त्यास व्यावहारिक कारण आहे. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय सोमवारी बंद असते आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. सोमवार ते बुधवार पुणे आणि गुरुवार ते शनिवार मुंबई असे ठेवले, तर दोन्ही अडचणी टळतात. सणावारी आणि दुरुस्तीच्या काळात वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारावे. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे ओळखपत्र विसरू नये, त्यावर अनेक ठिकाणी प्रवेशशुल्कात सवलत मिळते.

८/
पहिला दिवस, सोमवार : डेक्कन कॉलेज, येरवडा. १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३९ पासून पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र आहे. ह. धी. सांकलिया यांच्या पिढीने येथूनच महाराष्ट्राचा प्रागितिहास उभा केला. ही अभ्यासाची जागा आहे, त्यामुळे आधी पत्र किंवा फोन करून परवानगी घ्यावी. सहलीची सुरुवात येथून करण्याचे कारण असे की, अंथुर्ण्याच्या परिसरातील सर्वांत जुना माणूस याच संस्थेच्या कामातून ओळखीचा होतो.

९/
बारामती तालुक्यातील मोरगाव सर्वांना मयूरेश्वरामुळे ठाऊक आहे. पुरातत्त्वज्ञांना ते कऱ्हेच्या काठावरील अश्मयुगीन हत्यारांमुळेही ठाऊक आहे. तेथे दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आणि नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थरही सापडला. जुन्नर तालुक्यातील बोरी येथेही अशीच राख आहे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते, परंतु ती त्याच्या कोणत्या उद्रेकातील, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काहींच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे, तर काहींच्या मते कित्येक लाख वर्षे जुनी आहे. तरुण अभ्यासकाने हा वाद ध्यानात ठेवावा. चांगल्या इतिहासाची एक खूण अशी की, तो आपल्या शंका लपवत नाही.

१०/
डेक्कन कॉलेजमधील दुसरा थांबा इनामगावच्या वस्तूंपाशी. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात हे उत्खनन झाले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वस्ती. घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहते. म्हणजे इनामगावचे शेतकरी अंथुर्ण्याच्या शेतकऱ्यांचे, तीन हजार वर्षांमागचे असले तरी, एकाच खोऱ्यातील शेजारी होत.

११/
या शेजाऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध घातला होता आणि पाट खणला होता. नीरा कालव्याच्या कितीतरी आधी भीमेच्या खोऱ्यात माणसाने पाण्याला वाट काढून दिल्याचा हा पुरावा. त्याच वस्तीत एक पाच खोल्यांचे मोठे घर निघाले, आणि त्यालगत धान्याचे कोठार. इतरांची घरे लहान. त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण पुरलेला होता आणि त्यात बसलेल्या स्थितीत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा.

१२/
इनामगावात प्रौढांना पुरताना त्यांची पावले तोडण्याची प्रथा होती. या माणसाची पावले मात्र शाबूत होती. उत्खनकांनी तो वस्तीचा प्रमुख असावा असा तर्क केला. रांजण, पावले, मोठे घर आणि कोठार या चार गोष्टी एकत्र वाचल्या, तर प्रश्नाचा दुसरा भाग समोर येतो : धान्य आणि पाणी जेथे साठते, तेथे अधिकारही साठतो. हा रांजण एकटा काचेत ठेवला असता, तर यातले काहीच कळले नसते. उत्खननाची शिस्त ही अशी असते. वस्तूपेक्षा वस्तू-वस्तूंमधले अंतर तेथे अधिक बोलके असते.

१३/
इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटले असावे, असे उत्खनकांनी मांडले आहे. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि पुढे वस्तीच उठली. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांकडून ऐकलेल्या इंदापूरच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुस्तकात ‘उत्तर जोर्वे काळ’ असे लिहिलेले असते, त्याच्या मनात मात्र रोजगार हमीचे खडी फोडण्याचे काम उभे राहते. एवढे साधले, तरी पहिला दिवस फुकट गेला नाही.

१४/
दुसरा दिवस, मंगळवार : राजा दिनकर केळकर संग्रहालय, शुक्रवार पेठ. दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांच्या व्यवसायात होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाची आठवण म्हणून त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले आणि पुढे संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तू. मांडलेल्या असतात त्यातील थोड्याच.

१५/
येथे राजे कमी भेटतात. भेटतात ते दिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, वाद्ये, कोरीव दारे आणि स्वयंपाकघरातील भांडी. कोणत्याही तहात या वस्तूंचा उल्लेख नाही. त्या घडवणारे तांबट, सुतार, लोहार आणि त्या रोज हाताळणाऱ्या स्त्रिया यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. केळकरांनी ही भांडीकुंडी गोळा केली, तेव्हा घरोघरी ती मोडीत निघत होती. ‘इतिहास’ या शब्दात घागरीलाही जागा आहे, हे त्यांनी आपल्या आयुष्याच्या किमतीवर दाखवून दिले.

१६/
पाण्याचा प्रश्न सोबत असेल, तर या दालनांत घागरी, तांबे, घंगाळी यांच्यापाशी पाय आपोआप थांबतील. घरात पाणी कोण आणत असे, किती अंतरावरून, कोणत्या आकाराच्या भांड्यातून? घागरीचा गळा अरुंद का आणि काठ रुंद का? कमरेवर किंवा डोक्यावर पाणी वाहताना सांडू नये आणि हाताची पकड बसावी, हे उत्तर अंथुर्ण्यातील कोणतीही वयस्क बाई तत्काळ देईल. शहरी अभ्यासकाला ते पुस्तकात शोधावे लागते. गावाकडचे हे ज्ञान अभ्यासात उपयोगी पडते, ते संकोचाने झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१७/
तिसरा दिवस, बुधवार : सकाळी महात्मा फुले वाडा, दुपारी सेनापती बापट मार्गावरील सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय. मूळ यादीत बहुधा या दिवशी शस्त्रांचे दालन असते. परंतु ‘पाणी कोणाला नाकारले’ हा प्रश्न विचारल्यावर या दोन वास्तूंना पर्याय उरत नाही.

१८/
१८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. त्या वाड्यात उभे राहून पाहिले, तर हौद मोठा नाही. कृती मात्र केवढी मोठी होती, हे जागेच्या साधेपणामुळेच उमगते. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी बांधबंदिस्ती, तलाव आणि धरणे यांविषयी सरकारला सूचना केल्या. नीरा कालव्याचा काळही हाच. एकाच दशकात एकीकडे अभियंते पाट खणत होते आणि दुसरीकडे एक समाजसुधारक पाणी कोणाच्या शेतात जावे, याचा विचार करत होता.

१९/
२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी पाण्याला स्पर्श केला. सिंबायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातील वस्तू आणि भारतरत्न जपलेले आहे. वस्तू साध्या आहेत. त्या पाहताना इनामगावचे कोठार आणि केळकरांची घागर आठवावी. तीन दिवसांत तीन हजार वर्षांची एक रेषा जोडली जाते, आणि ती यादीच्या रीतीने कधीच जोडली गेली नसती.

२०/
पुण्यात आगाखान पॅलेस, केसरीवाडा, आदिवासी संशोधन संस्थेचे संग्रहालय हे सारे राहून जाईल. राहू द्यावे. त्यांचे मोल कमी नाही, परंतु त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते वेगळ्या सहलीचे विषय आहेत. काय पाहायचे नाही हे ठरवता आले, तरच आखणी झाली असे म्हणावे.

२१/
चौथा दिवस, गुरुवार : सकाळच्या गाडीने मुंबई, दुपारी फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय. २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रवासाच्या दिवशी लहान संग्रहालयच निवडावे. प्राचीन नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतचा प्रवास तेथे दोन तासांत पाहून होतो. अंथुर्ण्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे : कालव्याचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे रोख पैसा व कर्ज आले. धान्यावर चालणारे गाव नाण्यावर चालू लागले की काय बदलते, याचा विचार करायला ही जागा योग्य आहे.

२२/
पाचवा दिवस, शुक्रवार : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पूर्ण दिवस द्यावा. १९०५ मध्ये कोनशिला, वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट, १९१४ मध्ये इमारत तयार, पहिल्या महायुद्धात तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून, आणि १९२२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले. आत जाण्यापूर्वी भिंतीला हात लावावा. तो कुर्ल्याचा काळा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. तोच बेसॉल्ट अंथुर्ण्याच्या विहिरीत लागतो आणि त्याच दख्खनी कातळाने मोरगावच्या माणसाला हत्यारे पुरवली. आतील लाकडी कमानींचे काम नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेले आहे. म्हणजे येथे इमारतीलाही प्राप्तिस्थान आहे.

२३/
येथे तीन थांबे पुरेत. पहिला, सिंधू संस्कृतीच्या वस्तू : पाण्याच्या निचऱ्याचा विचार करून नगरे वसवणारे लोक. दुसरा, सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपातून आलेली मृण्मय शिल्पे. हेन्री कझेन्स यांनी १९०९-१० मध्ये हे उत्खनन केले, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. आज मीरपूरखास पाकिस्तानात आहे. तिसरा थांबा, असुरी राजवाड्यांतील शिलापट. एकोणिसाव्या शतकात इराकमधील उत्खननांतून निघालेले असे पट बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात असत. त्यातील काही मुंबईतच राहिले.

२४/
या तिन्ही थांब्यांवर प्राप्तिस्थानाची ओळ वाचली की, संग्रहालय ही निरागस जागा नाही हे ध्यानात येते. राज्ये, सीमा, बंदरे आणि सत्ता यांच्या हालचालींनी वस्तू इकडून तिकडे गेल्या. त्यामुळे संग्रहालयावर रागावण्याची गरज नाही. वस्तू वाचली, अभ्यासली गेली, हे संग्रहालयाचे ऋण आहेच. पण वस्तू ‘मिळाली’ आणि वस्तू ‘नेली’ या दोन क्रियापदांतील फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याला कळला पाहिजे.

२५/
वस्तू आणि वस्तूविषयीचा दावा यांतील फरकही कळला पाहिजे. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे साताऱ्यात पाहण्यासाठी लोटलेली गर्दी सर्वांना आठवत असेल. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली आहेत. अफझलखानाच्या भेटीत हीच वापरली गेली का, याची खातरजमा करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. एवढ्याने शिवरायांचे मोठेपण तसूभरही उणे होत नाही. भक्ती आणि पुरावा दोन्ही मनात बाळगता येतात. त्यांची सरमिसळ झाली, तर मात्र नुकसान पुराव्याचे होते.

२६/
सहावा दिवस, शनिवार : भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये उघडलेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. आधीचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ मध्ये सध्याचे नाव मिळाले. शेजारच्या प्रांगणात एक दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीमुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत कोसळून फुटला. तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. न गेलेल्या वस्तूचा हा दुर्मीळ इतिहास अवश्य पाहावा.

२७/
भाऊ दाजी हे डॉक्टर, मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ आणि प्राचीन लेखांचे गाढे अभ्यासक. गिरनारच्या रुद्रदामनाच्या शिलालेखाचे त्यांनी वाचन आणि भाषांतर केले. इ.स. १५० च्या सुमाराचा हा लेख एका फुटलेल्या धरणाविषयी आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलेल्या सुदर्शन तलावाचा बांध वादळी पावसात वाहून गेला. मंत्र्यांनी दुरुस्तीस नकार दिला, प्रजा हवालदिल झाली. अखेर राजाने स्वतःच्या खजिन्यातून, प्रजेवर जादा कर वा वेठ न लादता बांध पुन्हा बांधवला, असे लेख सांगतो. अर्थात हे राजाचे स्वतःचे म्हणणे आहे. तरीही धरणाचा खर्च कोणी सोसावा, हा वाद अठराशे वर्षे जुना आहे, हे भायखळ्यात उभे राहून आठवावे.

२८/
येथे दोन आक्षेप येतात. पहिला : हे सगळे मोबाइलवर दिसते, मग जायचे कशाला? छायाचित्रात हातकुऱ्हाडीचा आकार दिसतो, पण आपल्या तळहातात ती केवढी बसेल याचा अंदाज येत नाही. घागरीच्या तळाचा पोचा दिसत नाही. शिवाय छायाचित्र कोणीतरी निवडलेले असते. समोर उभे राहिल्यावर निवड पाहणाऱ्याची होते. आणि ज्ञानाच्या जागा ‘आपल्यासाठी नाहीत’ ही जी दबलेली भीती खेड्यातील मुलांच्या मनात असते, ती उंबरठा ओलांडल्यावाचून जात नाही.

२९/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : गावच्या वस्तू शहरात का? त्या परत का देऊ नयेत? ज्या गावात वस्तू जपण्याची सोय नाही, तेथे मूळ वस्तू परत पाठवणे म्हणजे तिचा घात होऊ शकतो. पण त्या गावाच्या शाळेत तिची प्रतिकृती नसावी, मराठीत चार पानांची माहिती नसावी, हे मात्र अक्षम्य आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस चालवली आहे. अशा बसगाड्या तालुक्या-तालुक्यांत पोहोचाव्यात, ही मागणी शाळा आणि ग्रामपंचायतींनी लेखी करावी. अभिप्रायाची वही दिसली, तर ‘छान वाटले’ एवढेच न लिहिता, कोणती पाटी मराठीत अपुरी वाटली, हे नेमके लिहावे.

३०/
सातवा दिवस, रविवार. नेहमीच्या आखणीत हा परतीचा, म्हणून वाया जाणारा दिवस. येथे तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शनिवारी रात्री गावी परतावे आणि रविवार आपल्या तालुक्यात घालवावा. सहा दिवस तयार झालेली नजर घेऊन कालव्याच्या कडेने चालावे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची ‘ब्लॉक’ पद्धत या नीरा कालव्यावर राबवली, आणि भारतीय सिंचनाच्या इतिहासात तिला स्थान मिळाले. जे पाहायला लोकांनी दूरवरून यावे, ते अंथुर्ण्याच्या शेजारून वाहते आहे.

३१/
त्याच दिवशी इंदापूर जमले तर इंदापूर : मालोजीराजे भोसल्यांच्या अखेरच्या लढाईशी जोडलेले गाव. उन्हाळा असेल तर पळसदेव : उजनीच्या जलाशयात बुडालेले आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येणारे प्राचीन मंदिर. पाणी कोणाला मिळाले, या प्रश्नाचे उत्तर उजनीखाली गेलेल्या गावांना विचारल्याशिवाय पुरे होत नाही. काहींच्या शेतात पाणी आले, काहींच्या घरात.

३२/
शेवटी एक काम उरते. गावातील देवळामागे पडलेले वीरगळ, रंगाखाली दडलेली अक्षरे, मोडी कागदांची गाठोडी, भंगारात निघालेली तांब्याची भांडी यांची साधी वही करावी. वस्तू, जागा, मोजमाप, छायाचित्र, कोणी काय सांगितले आणि तारीख, एवढे पुरे. वस्तू उचलू नये, धुऊ-रंगवू नये, खोदू नये. काही जुने उघडे पडले, तर तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. जी वस्तू जागच्या जागी नोंदली जाते, तिची प्राप्तिस्थानाची ओळ कधी कोरी राहत नाही.

३३/
सात दिवस, दोन शहरे, सात वास्तू आणि एक प्रश्न. पंधरा संग्रहालयांच्या यादीपुढे हे अपुरे वाटेल. परंतु ज्याने इनामगावचा पाट, केळकरांची घागर, फुल्यांचा हौद आणि गिरनारचा बांध एका ओळीत पाहिला, त्याला कालव्याच्या पाण्याची पाळी कोणाची, यावरून गावात होणारे भांडणही इतिहास म्हणून दिसू लागेल. प्रत्येक तालुक्याचा असा एक प्रश्न असतो. कोणाचा घाटाचा, कोणाचा बंदराचा, कोणाचा जंगलाचा. तिकिटे काढण्यापूर्वी तो शोधावा.